स्टेशनाबाहेरची तहान

काही प्रश्न असे असतात की, ते सभेत मांडले तर व्यासपीठावरची मंडळी गालातल्या गालात हसतात आणि समोरच्या बायका मान खाली घालतात. स्थानकावर मुतारी कोठे आहे, असल्यास ती उघडी आहे काय, नळाला प्यायचे पाणी येते काय, दिवसभर राबून आलेल्या माणसाने घरी जाण्यापूर्वी दोन घटका कोठे टेकावे, आणि त्याला घोटभर काही घ्यावेसे वाटले तर ते कोठे घ्यावे, हे त्या जातीचे प्रश्न आहेत. भांडवलशाही आणि जातिव्यवस्था यांच्या शेजारी मांडले की ते क्षुद्र वाटतात. परंतु मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दिवसाकाठी ७० लाखांच्या आसपास प्रवासी ये-जा करतात, आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे उतरणाऱ्यांच्या आयुष्यातले रोजचे दोन-तीन तास याच क्षुद्र प्रश्नांच्या हवाली झालेले असतात. फलाटाचा आणि स्टेशनाबाहेरच्या परमिट रूमचा विचार आम्ही येथे एकत्र करीत आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या मते दोन्ही ठिकाणी कारभाराची रीत एकच आहे: गरज सर्वांची, धंदा ठेकेदाराचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

प्रथम पाण्याचे पाहू. ब्रिटिश अमदानीत स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' निरनिराळे असे. उपाहारगृहेही तशीच वाटलेली. युरोपियनांचे वेगळे, देशी लोकांचे वेगळे. ज्यांना यांपैकी कोणत्याच पाण्यावर हक्क नव्हता त्यांची कथा डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९०१ साली वडिलांना भेटावयास निघालेली ती लहान भावंडे मसूर स्थानकावर उतरली, स्टेशनमास्तरला त्यांची जात कळली, आणि पुढच्या प्रवासात जवळ जेवणाचा डबा असूनही केवळ पाण्यावाचून त्यांना उपाशी झोपावे लागले. १९१७ साली गांधीजींनी मुंबई ते मद्रास हा प्रवास तिसऱ्या वर्गाने करून डब्यातील व स्थानकांवरील घाणीचे, गर्दीचे आणि प्रवाशांच्या उपेक्षेचे वर्णन वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केले. आणि १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंचांचा फोम बसविण्याचे ठरले. त्या दोन इंचांची टवाळी करणारे तेव्हाही होते. आज त्याच फोमवर पाठ टेकून देशातील कोट्यवधी लोक रात्रीचा प्रवास करतात आणि तो कोणी आणला हे त्यांना ठाऊकही नसते. स्थानकावरील सोय हा राजकारणाचा विषय आहे, हे आम्ही या परंपरेतून शिकलो.

आता त्या घागरी गेल्या, ही खरी प्रगती. पण त्यांच्या जागी काय आले? २००३ पासून 'रेल नीर' ही बाटली आली. ती वर्षानुवर्षे १५ रुपयांना मिळे, २०२५ च्या सप्टेंबरात १४ रुपयांवर आली. मध्यंतरी एक रुपयात पेलाभर शुद्ध पाणी देणारी यंत्रे उपनगरी फलाटांवर बसली होती. कष्टकऱ्याला परवडणारी ती एक शहाणपणाची सोय होती. ठेक्यांच्या घोळात त्यांतली अनेक बंद पडली, आणि बंद यंत्राच्या पुढ्यात बाटलीचा ढीग मांडून विक्रेता बसला. २०१९ च्या मार्चमध्ये कुर्ला स्थानकावरील एका स्टॉलच्या छपरावर लिंबू सरबत कसल्या गलिच्छ रीतीने तयार होते याचे चित्रीकरण लोकांनी पाहिले. त्यावर मध्य रेल्वेने काय करावे? आपल्या स्थानकांवर लिंबू सरबत, काला खट्टा आणि तत्सम खुली सरबतेच बंद करून टाकली. सरबत गेले, बंद बाटलीतले रंगीत पेय राहिले. स्वच्छता राखता येत नाही म्हणून गरिबाचे पेय बंद करावयाचे आणि कंपनीच्या पेयाला वाट मोकळी करावयाची, याला प्रशासन म्हणणे कठीण आहे.

पाण्याहून अवघड प्रश्न मुतारीचा. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट–बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठी लोकल सुरू केली, तेव्हा नोकरदार बाईची दखल घेतली गेली म्हणून सर्वांनाच समाधान वाटले. पण त्या गाडीतून उतरलेल्या बाईने जावे कोठे? शौचालय असते ते फलाटाच्या पार टोकाला, दिव्याच्या कक्षेबाहेर. त्याला कुलूप, आणि किल्ली स्टेशन अधीक्षकांच्या कचेरीत. उघडे असेल तर दारात बसलेला ठेकेदाराचा माणूस हात पुढे करणार. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला मात्र पैसे, या उघड अन्यायाविरुद्ध मुंबईतील स्त्री संघटनांनी २०११ पासून 'राईट टू पी' ही मोहीम चालविली. नावाला कोणी नाके मुरडली, तरी स्वच्छतागृहाचा प्रश्न नागरी हक्काच्या भाषेत आणण्याचे काम तिनेच केले. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने केलेल्या याचिकेवर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावरील स्त्रियांसाठी पुरेशी व स्वच्छ शौचालये देणे हे महापालिकांचे कर्तव्य असल्याचे बजावले. तरीही आज मुलुंडहून फोर्टात कामाला जाणारी बाई सकाळी पाण्याचा पेला पुढे येताच तो परत सारते, कारण संध्याकाळपर्यंत सोय होण्याची खात्री नसते. मूत्रपिंडाच्या आणि मूत्रमार्गाच्या दुखण्यांचे हे एक सार्वजनिक कारण आहे. डॉक्टर औषध देतो, फलाट तसाच राहतो.

भांडल्यावर मिळते, हेही येथे नमूद केले पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकावर एका कॉलेजकन्येचे दोन्ही हात गाडी आणि फलाट यांच्यामधील पोकळीत पडून गेले. त्यानंतर हा प्रश्न न्यायालयात गाजला आणि फलाटांची उंची वाढविण्याच्या कामाला वेग आला. रेल्वे अपघातात स्वतःचे पाय गमावलेल्या एका कार्यकर्त्याने चिकाटीने लढविलेल्या याचिकेमुळे स्थानकांवर तातडीचे वैद्यकीय कक्ष उघडावे लागले; २०१७ साली घाटकोपरसह मध्य रेल्वेच्या काही स्थानकांवर एक रुपयात तपासणी करणारा दवाखाना सुरू झाला. म्हणजे मनावर घेतले तर फलाटावर एक रुपयाला डॉक्टर बसू शकतो. मुतारीला मात्र पहारेकरी मिळत नाही. २०२४ या एका वर्षात या उपनगरी मार्गांवर २,४०० हून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील कित्येक रूळ ओलांडताना मेली. पूल लांब, जिना अरुंद आणि गर्दी अशी की पाय उचलला तर टेकविण्यास जागा नाही. मग माणूस रुळांत उतरतो आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

दरम्यान सोयी येत नाहीत असे नाही. २०१७ च्या नाताळच्या दिवशी बोरिवलीहून पहिली वातानुकूलित लोकल सुटली. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर जुन्या डब्याचे झकपक उपाहारगृह झाले, पुढच्याच महिन्यात मुंबई सेंट्रलला ताशी भाड्याच्या निजण्याच्या खोक्या आल्या. यांना आमचा विरोध नाही. ज्याला परवडते त्याने निजावे. पण रत्नागिरीकडून किंवा सुरतेकडून पहाटे येऊन बोरिवलीला उतरणारा, डोक्यावर बोचके आणि हाताशी पोर असलेला जो प्रवासी, त्याला फलाटावरचा बाक आणि पुलाखालचा कोपरा एवढेच मिळते. तिसरा वर्ग वेळापत्रकातून गेला, फलाटावरून गेला नाही.

आता स्थानकाच्या बाहेर येऊ.

एके काळी स्टेशनाबाहेर नाक्यावर इराणी असे. संगमरवरी टेबल, वाकड्या पाठीच्या लाकडी खुर्च्या, ब्रून मस्का आणि चहा. एका चहावर माणूस तासभर वर्तमानपत्र वाचू शके. आमच्या चळवळीच्या किती बैठका त्या टेबलांभोवती झाल्या आणि किती पत्रकांचे मसुदे त्या बिलांच्या पाठीवर लिहिले गेले, याची मोजदाद नाही. उडुप्याचे हॉटेल आले, तेथे इडली गरम मिळे, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाची सावली टेबलावर पडली की उठावे लागे. मग १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर वडापाव जन्माला आला आणि बघता बघता अंधेरीपासून मुलुंडापर्यंत पसरला. वडापावाने या शहराच्या श्रमिकाला जगविले, त्याचे ऋण मोठे आहे. परंतु तो उभ्याने खावयाचा पदार्थ आहे. कष्टकऱ्याला या शहराने खाणे दिले आणि बसण्याची जागा काढून घेतली, हा बदल आपल्या ध्यानात फारसा आला नाही. जागांचे भाव चढले तसा एकेक इराणी मिटला, आणि कित्येक ठिकाणी त्याच जागेत, त्याच दोन दारांवर काळ्या काचा बसवून, 'रेस्टॉरंट अँड परमिट रूम'ची पाटी लागली.

परमिट रूम हा खास आपल्या राज्याच्या दांभिकतेतून निघालेला शब्द आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अद्याप पुस्तकात आहे. त्यानुसार दारू पिण्यास परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी ५ रुपये आणि देशीसाठी २ रुपये. आरोग्यासाठी दारू आवश्यक असलेला हा आजारी मनुष्य रोज संध्याकाळी लाखोंच्या संख्येने आढळतो. गिऱ्हाइकाकडे परवाना मागणारा वेटर मात्र अद्याप आमच्या पाहण्यात नाही. कायदा एवढा सैल ठेवण्याचा लाभ कोणाला होतो हे उघड आहे: मोडलेल्या नियमाचे हप्ते घेणाऱ्याला. दुसरीकडे रेल्वे कायद्याचे १४५ वे कलम नशेत आढळलेल्या प्रवाशाला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. स्टेशनाच्या पायरीपर्यंत राज्य सरकार दारू पाजते आणि पायरी चढली की केंद्र सरकार पकडते.

आत काय असते? बसके छत, मंद दिवा, जोराने लावलेला दूरदर्शन संच. खाली साधा विभाग, वर माडीवर वातानुकूलित; पेला तोच, दर निराळा. खाणे मुद्दाम खारट आणि तिखट, म्हणजे घसा कोरडा पडावा. पाण्याचा जग मागितला तर बाटली येते. येथे कोणी बोलावयास येत नाही. मान खाली घालून, घाईघाईने, चोरी केल्यासारखे पितो आणि उठतो. बाईला येथे प्रवेशबंदीची पाटी नाही, पण पाटीची गरजही नाही. ज्याला हेही परवडत नाही तो वाईन शॉपच्या भिंतीला टेकून कागदी पेल्यात क्वार्टर ओततो. त्याखालचा देशीच्या बारमध्ये जातो, जेथे संत्र्याचे नाव असलेल्या बाटलीत संत्रे नसते. आणि ज्याची ऐपत आहे त्याच्यासाठी अंधेरीच्या पश्चिमेला पब आहेत, तेथे बिअरच्या एका ग्लासाला चर्चगेटच्या दुसऱ्या वर्गाच्या महिन्याच्या पासाहून अधिक दाम पडते. परगावाहून आलेल्या माणसाने बरे ठिकाण कोणते म्हणून रिक्षावाल्यास विचारावे, तर ज्याच्याकडून गिऱ्हाइकामागे पैसे मिळतात त्याच्याच दारात त्याला उतरविले जाते.

या उतरंडीच्या तळाशी मृत्यू आहे. २००४ च्या डिसेंबरात घाटकोपर आणि मुलुंड यांच्यामधल्या विक्रोळीत विषारी दारूने ८० हून अधिक माणसे मेली. २०१५ च्या जूनमध्ये अंधेरी आणि बोरिवली यांच्यामधल्या मालाडच्या मालवणीत १०० हून अधिक मेली. मेलेले बहुतेक रोजंदारीवरचे. मिथेनॉल मिसळलेली ती दारू त्यांनी अज्ञानाने घेतली असे म्हटले जाते. ती स्वस्त होती म्हणून घेतली, हे म्हणावयास आपण कचरतो. या अनुभवानंतर सरकारने काय केले? २०२५ च्या जूनमध्ये दारूवरील अबकारी कर भरमसाट वाढविला, वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांचा जादा महसूल मिळेल असे जाहीर केले, आणि १८० मिलिलिटरच्या बाटलीचे किमान दर ठरविले: देशी ८० रुपये, नव्याने काढलेली धान्याची 'महाराष्ट्र मेड' १४८ रुपये, विदेशी जातीची २०५ रुपये. त्याआधी परमिट रूमवरील मूल्यवर्धित कर ५ वरून १० टक्के झालाच होता. हॉटेलमालकांनी जुलैत एक दिवस बंद पाळला, त्यांचे गाऱ्हाणे वर्तमानपत्रांत आले. गिऱ्हाइकाचे आले नाही. अधिकृत दारू महागली की तळचा माणूस कोठे वळतो, याचे उत्तर विक्रोळी आणि मालवणी यांनी देऊन ठेवले आहे.

येथे आपल्याच घरातील एक मतभेद उघड मांडला पाहिजे. आपल्या चळवळीत गांधीजींच्या शिकवणीतून आलेला दारूबंदीचा आग्रह जुना आहे. ज्या बाईने नवऱ्याचा पगार गुत्त्यात जाताना पाहिला आणि रात्री मार खाल्ला, तिच्यापुढे 'चांगले दारूचे दुकान' ही भाषा बोलणे निर्लज्जपणाचे वाटेल. 'आडवी बाटली'चे मतदान घेऊन आपल्या वस्तीतील दुकान बंद करणाऱ्या बायकांच्या बाजूने आम्ही उभे आहोत आणि उभे राहू. परंतु दुकान बंद झालेल्या वस्तीतही पिणारा माणूस उरतोच, तो अंधारात जातो, आणि अंधारातला धंदा कोण चालवितो हे आपल्या वॉर्डातील कार्यकर्त्यांना सांगावयास नको. पूर्ण बंदीने या शहरात आंटीचे अड्डे वाढविले, आणि पूर्ण मोकळिकीने परमिट रूम. तिसरी वाट शोधण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत.

ती वाट इतरांनी चालून पाहिलेली आहे. स्वीडनमधील गोटेनबर्ग शहरात १८६५ पासून दारूची दुकाने एका सार्वजनिक मंडळाकडे देऊन नफा नगराच्या कामाला लावण्याची पद्धत सुरू झाली. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्रेटना येथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना निघाला. परगावच्या हजारो मजुरांनी शेजारच्या कार्लाइल गावातील गुत्ते भरून गेले, तेव्हा १९१६ साली सरकारने त्या भागातील पब आणि दारूभट्ट्या थेट ताब्यात घेतल्या. अनेक गुत्ते बंद केले. उरलेल्यांत प्रकाश, बसण्याची नीट जागा आणि गरम जेवण आणले. पबचा व्यवस्थापक पगारी नोकर झाला, दारूच्या खपावर त्याचे कमिशन नाही, त्यामुळे कोणाला आणखी एक पेला पाजण्यात त्याला रस उरला नाही. स्त्रियाही तेथे बसू लागल्या. ही व्यवस्था चांगली ५७ वर्षे चालली. १९७३ साली तेथील हुजूर पक्षाच्या सरकारने ती विकून टाकली. तोट्यात होती म्हणून नव्हे. सरकारने असला धंदा करू नये या तत्त्वापायी.

आमच्याकडे याचे बीज नाही असे नाही. हमाल पंचायतीने पुण्यात १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. तेथे कष्टकऱ्याला परवडणाऱ्या दरात बसून जेवता येते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. याच्या उलट १९९५ ची एक रुपयातील झुणका-भाकर केंद्रे पाहा: मोक्याच्या जागा कार्यकर्त्यांना वाटल्या गेल्या, भाकर नाहीशी झाली, स्टॉल राहिले. २०२० च्या शिवभोजन थाळीनेही अनुदान थकल्याच्या तक्रारी ऐकविल्या. फरक कल्पनेत नव्हता. चालविणारी संघटना कोणाची होती, यात होता.

म्हणून आमची मागणी अशी की, उपनगरी स्थानकांच्या आवारात किंवा लगत रेल्वेच्या आणि महापालिकेच्या जागेवर स्त्रियांच्या व श्रमिकांच्या सहकारी संस्थांनी चालविलेली विश्रांतिगृहे व्हावीत: बसावयास बाक, फुकट पाणी, चोवीस तास उघडे व मोफत शौचालय, आणि रास्त दरात भाकरी, भाजी, चहा. दारूचे परवाने नव्याने द्यावयाचेच असतील, तर ते खाजगी मालकाला न देता, स्थानकापासून दूर, अशाच संस्थांना प्रयोगादाखल द्यावेत. खपावर कमिशन नाही, उधारी नाही, दर्शनी भाग काचेचा आणि उघडा, आणि जवळच्या वस्तीतील बायकांच्या समितीला ते बंद करण्याचा अधिकार. एकटी बाई तेथे निर्धास्त बसून लिंबू सरबत पिऊ शकते काय, ही आमची कसोटी आहे. ज्या जागी ती बसू शकते तेथे पुरुषही माणसासारखा पितो. नफा व्यसनमुक्तीच्या केंद्रांना द्यावा. या मागणीवर काही ज्येष्ठ सहकारी रागावतील. त्यांची पत्रे आम्ही अवश्य छापू.

तोवर करावयाचे काम साधे आहे. फलाट रेल्वेचा, फलाटाबाहेरचे शौचालय महापालिकेचे, परमिट रूम उत्पादन शुल्क खात्याची. तीन कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवितात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड येथील शाखांनी रात्री नऊ ते अकरा या वेळेत आपापल्या स्थानकावर फिरून किती मुताऱ्या उघड्या आहेत, किती नळांना पाणी आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि बायकांकडून किती पैसे घेतले जातात याची नोंद तारखेनिशी करावी. पाहणीत निम्म्या तरी स्त्री कार्यकर्त्या असाव्यात, कारण बायकांच्या शौचालयाची तपासणी पुरुषांनी दाराबाहेरून करण्यात अर्थ नाही. नोंदींची एक प्रत विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीला, एक वॉर्ड ऑफिसला आणि एक आमच्याकडे पाठवावी.